टू-इन-वन लॅपटॉपचा कीबोर्ड: बदलण्याआधी दोष नेमका कुठं आहे ते बघा

निपाणीच्या एका हायस्कूलमधल्या बाईंनी विचारलं आहे. त्यांच्याकडं चौदा इंची, ३६० अंशांत मागं फिरणारा टचस्क्रीनचा लॅपटॉप आहे, चार वर्षं वापरलेला. त्याची १, क्यू, ए आणि झेड ही चार बटणं एकदमच बंद पडली. शिवाय स्क्रीन मागं वळवून टॅबलेटसारखा वापरला आणि परत सरळ केला की कधीकधी अख्खा कीबोर्ड आणि टचपॅड, दोन्ही गप्प होतात. रीस्टार्ट केलं की उठतात. दुकानात सांगितलं, "याचा नुसता कीबोर्ड मिळत नाही, वरची पूर्ण बॉडी बदलावी लागेल," आणि खर्चाचा आकडा लॅपटॉपच्या निम्म्या किमतीच्या आसपास गेला. बाईंचे प्रश्न दोन: हे खरं का, आणि बेळगावात इंजिनीअरिंग शिकणारा मुलगा घरी हे काम करू शकेल का.

बाई, दुकानदार खोटं बोललेला नाही. खरं त्यानं दोन वेगळे दोष एकाच बिलात घातलेत. चार बटणं मरणं हा कीबोर्डचा दोष आहे. घडी केल्यावर सगळंच बंद पडणं हा कीबोर्डचा दोष जवळजवळ कधीच नसतो. बॉडी बदलून घेतलीत तर १, क्यू, ए, झेड चालू होतील, पण पुढच्या आठवड्यात वर्गात स्क्रीन मागं वळवलीत की पुन्हा तीच तक्रार घेऊन दुकानात याल, आणि तेव्हा तो "मदरबोर्ड", म्हणजे आतला मुख्य बोर्डच गेला, म्हणेल. म्हणून दोन्ही दोष वेगवेगळे तपासू.

आधी ती चार बटणं. कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाला स्वतंत्र वायर नसते. आडव्या आणि उभ्या ओळींची जाळी असते, आणि बटण दाबलं की एक आडवी आणि एक उभी ओळ एकमेकींना टेकते. आपल्याकडं एखाद्या गल्लीची पाण्याची लाइन बंद झाली की त्या गल्लीतल्या सगळ्याच घरांचे नळ कोरडे पडतात, शेजारच्या गल्लीत मात्र पाणी येतच असतं, तसंच हे. तुमची चारही बटणं बहुतेक एकाच उभ्या ओळीवर आहेत. म्हणजे बटणाखालचा रबर किंवा कात्रीसारखी क्लिप खराब नाही, ती ओळच तुटली आहे. तुटायच्या जागा दोन: कीबोर्डच्या आतली पातळ प्लॅस्टिकची शीट, नाहीतर कीबोर्डपासून मदरबोर्डकडं जाणाऱ्या चपट्या वायरीचं, म्हणजे रिबनचं टोक. रिबनचं टोक असेल तर काम फुकटात होतं. म्हणून पार्ट मागवायच्या आधी ते बघायलाच हवं.

दोष ओळखायचा ढोबळ हिशेब सांगतो. एकच बटण बंद असेल तर बहुधा त्या बटणाखालीच घाण किंवा मोडकी क्लिप. चार-सहा बटणं एकदम गेली तर ओळ. सगळी गेली तर रिबन निसटलेली, घडीचा सेन्सर, ड्रायव्हर (विंडोजला तो भाग ओळखू देणारा छोटा प्रोग्राम), नाहीतर क्वचित मदरबोर्डवरची कीबोर्ड सांभाळणारी चिप, म्हणजे कंट्रोलर. आणि बटण न दाबताच अक्षरं उमटत असतील तर आत ओल गेली म्हणून समजा.

आता एक गोष्ट हमखास तपासा, कारण तुम्ही मराठी आणि कन्नड दोन्ही प्रश्नपत्रिका करता. आपल्या सीमाभागात एका मशीनवर इंग्रजी, मराठी, कन्नड असे तीन लेआउट घातलेले असतात. चुकून विंडोज आणि स्पेस एकत्र दाबलं गेलं की लेआउट बदलतो आणि माणूस म्हणतो बटणं बिघडली. तसंच उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून धरलं तर फिल्टर कीज चालू होतात. मग बटण झटकन दाबलं तर उमटतच नाही, दाबून धरावं लागतं. नवा कीबोर्ड घालायला आलेली मशीन या दोन कारणांनी तशीच परत पाठवावी लागते, हे दुकानात नेहमीचं आहे. तुमच्या बाबतीत मला हे वाटत नाही, कारण चार बटणं ओळीनं गेलीत, खरं खात्री करायला मिनिटभर लागतं.

खात्रीचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधी तपासणं. एचपीमध्ये मशीन चालू करताना एस्केप आणि मग एफ२, डेलमध्ये एफ१२ दाबून यादीतलं डायग्नोस्टिक्स निवडलं की कंपनीचीच हार्डवेअर तपासणी उघडते आणि तिच्यात कीबोर्डची टेस्ट असते. ज्यात अशी सोय नाही, त्यात बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, पासवर्डच्या चौकटीत ती बटणं दाबून बघा, फुली किंवा ठिपका उमटतो का. पासवर्ड सेव्ह मात्र करू नका. तिथंही बटणं मेलेली असतील तर दोष हार्डवेअरचा, विंडोज पुन्हा घालून काही उपयोग नाही. तिथं चालत असतील तर पैसे खिशातच ठेवा आणि सॉफ्टवेअर बघा.

जाता जाता सांगतो, मशीन कुठून आली हे कीबोर्ड उघडल्यावर बऱ्याचदा कळतं. निपाणीकडच्या मशीनमध्ये बटणांखाली तंबाखूची तपकिरी भुकटी बसलेली असते; तिला थोडी ओल मिळाली की ती चिकटते. बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या मागवाल्या घरांतून आलेल्यात सुताची रुई. उद्यमबागच्या फौंड्रीतून आलेल्यात लोखंडाचा बारीक कीस, आणि तो सगळ्यात वाईट, कारण लॅपटॉपच्या कडेला लोहचुंबक असतात आणि कीस तिथंच जाऊन बसतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात रिबनच्या टोकावर हिरवट थर धरतो. तुम्ही "काही सांडलं नाही" असं लिहिलंय ते खरं असेल, पण ओल जायला चहा सांडावाच लागतो असं नाही.

आता घडीचा दोष. फिरत्या लॅपटॉपला स्क्रीन किती अंशात आहे हे कळावं लागतं, नाहीतर तुम्ही टॅबलेटसारखा हातात धरलात की मागच्या बाजूची बटणं आपोआप दाबली जातील. त्यासाठी काही मॉडेलमध्ये चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर असतो, काहींत स्क्रीन आणि खालचा भाग दोन्हींत कल ओळखणारे सेन्सर असतात. स्क्रीन १८० अंशांच्या पुढं गेली की मशीन स्वतःहून कीबोर्ड आणि टचपॅड बंद करते. तुमचं मशीन परत सरळ केल्यावरही आपण अजून टॅबलेटच आहोत असं समजून बसतं. दोन्ही एकदम बंद पडतात आणि रीस्टार्टनं दोन्ही एकदम उठतात, यावरूनच ते कळतं.

याला तीन गोष्टी करून बघा. पहिली म्हणजे चुंबक. मोबाईलचं चुंबकी फ्लिप कव्हर, पर्सचं चुंबकी बटण, हातातलं चुंबकी ब्रेसलेट लॅपटॉपच्या पुढच्या कडेशेजारी असेल तर ते दूर ठेवा. मग चार्जर काढून, मशीन बंद करून, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि परत चालू करा. यानं आतला कंट्रोलर नव्यानं सुरू होतो. आणि मुख्य म्हणजे ड्रायव्हर. बाहेर कुठं विंडोज नव्यानं घालून घेतलं असेल तर कंपनीचे खास ड्रायव्हर गेलेले असतात. इंटेलच्या बऱ्याच मशीनमध्ये एचआयडी इव्हेंट फिल्टर नावाचा एक छोटा ड्रायव्हर असतो, तो नसला की घडीची खबर विंडोजपर्यंत नीट पोचत नाही. कंपनीच्या साइटवर तुमच्या मशीनचा सिरीयल नंबर टाकून चिपसेट, सेन्सर आणि बायोस यांचे अपडेट घाला. बायोस अपडेट चालू असताना लाइट जाणार नाही आणि बॅटरी अर्धीहून जास्त भरलेली असेल, एवढं मात्र बघा.

याच्याशी जोडून एक. दोष फक्त चार्जर लावल्यावर होत असेल, टचपॅडचा बाण पळत असेल, बॉडीला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर आधी घरातलं अर्थिंग तपासा. बॅटरीवर सगळं ठीक चालत असेल तर कीबोर्डला हात लावायची गरजच नाही.

आणि उघडण्याआधी मशीन सपाट टेबलावर ठेवून बाजूनं बघा. टचपॅड वर आलंय का, पामरेस्ट (कीबोर्डभोवतीचा, हात टेकायचा भाग) मधे फुगलंय का, खालचं झाकण डुगडुगतंय का. तसं असेल तर बॅटरी फुगली आहे, आणि तीच खालून कीबोर्डला ढकलते आहे. चार वर्षांच्या मशीनमध्ये हे नवल नाही. मग ते घरी करायचं काम नाही. फुगलेली बॅटरी पिननं, स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटू नका, दाबून बसवू नका, चार्जिंग बंद करा आणि दुकानात द्या. अशा मशीनमध्ये बॅटरी बदलल्यावर बटणं आपोआप सुरळीत झालेली असतात, असंही होतं.

बॅटरी ठीक असेल तर मुलगा उघडू शकतो, रिबन बघण्यापुरतं. खालच्या झाकणाचे स्क्रू काढायचे. काही मॉडेलमध्ये दोन स्क्रू रबरी पायांखाली दडलेले असतात आणि ते पाय डिंकानं चिकटवलेले असतात, थोडे गरम करून उचलायचे. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते. एका कागदावर मशीनची आकृती काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी टेपनं चिकटवून ठेवायचा. लांब स्क्रू आखूड जागी घातला तर वरच्या बाजूला पामरेस्टवर टेंगूळ येतं, नाहीतर आतल्या बोर्डात घुसतो. झाकण क्लिपांवर बसलेलं असतं. गिटारचं पिक किंवा जुनं एटीएम कार्ड कडेनं फिरवायचं, लोखंडी काही वापरायचं नाही.

आत शिरल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणं. ते न करता रिबनला हात लावायचा नाही. मग कीबोर्डची रिबन शोधायची: रुंद, चपटी, बहुतेक मदरबोर्डच्या कडेला. तिच्या शेजारी एक अरुंद रिबन दिसेल, ती बॅकलाइटची, टचपॅडची तिसरी. कनेक्टरवर काळी किंवा पांढरी बारीक पट्टी असते, तेच तिचं लॉक. नखानं ती पट्टी वर उचलायची, काडीसारखी नव्वद अंश उभी राहते, मग रिबन न ओढता आपसूक सरकते. लॉक न उघडता ओढली की कनेक्टर मोडतो, आणि मग खरंच मदरबोर्डचं काम निघतं. काही कनेक्टरना लॉक मागच्या बाजूला असतं, काहींना नसतंच. आधी टॉर्च मारून बघायचं.

रिबनच्या टोकाला बारीक धातूच्या रेषा असतात. त्यांतल्या एखादीवर काळा किंवा हिरवट डाग दिसला तर तीच तुमची गेलेली ओळ असण्याची शक्यता मोठी. आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्क्यांचं, कापसाच्या काडीला लावून हलक्या हातानं पुसायचं, वाळू द्यायचं, रिबन सरळ आणि पूर्ण आत घालून लॉक बंद करायचं. देवघरातलं स्पिरिट, अत्तर, सॅनिटायझर नको. त्यात पाणी आणि सुवासिक तेलं असतात. मग बॅटरी जोडून, झाकण न लावताच मशीन चालू करून बटणं बघायची. चालली तर खर्च संपला.

नाही चालली, तर बदलावा लागणार. आणि इथं दुकानदाराचं म्हणणं बरोबर आहे. जुन्या लॅपटॉपमध्ये कीबोर्ड वरून चार क्लिपा उचकटल्या की निघायचा. फिरत्या बारीक मशीनमध्ये तो पामरेस्टच्या आतून प्लॅस्टिकच्या बारीक खिळ्यांनी वितळवून बसवलेला असतो, कितीतरी खिळे, सगळ्या बाजूंनी आणि मधेही. धंद्यात त्या पामरेस्टला सी कव्हर म्हणतात. स्क्रीनची मागची बाजू ए, स्क्रीनभोवतीची चौकट बी, आणि तळाचं झाकण डी. कीबोर्डसकट सी कव्हर मिळतं तेव्हा बदलायला तेच बरं. सगळं एकाच ठिकाणाहून आलेलं असतं, बटणं एका पातळीत बसतात, दाबल्यावर मधे झोका येत नाही.

नुसता कीबोर्डही बाजारात मिळतो, आणि सी कव्हर मिळत नसेल तर मीही तोच घालतो. पण त्याचं काम बघा कसं असतं. मदरबोर्ड, पंखा, स्पीकर, बॅटरी सगळं बाहेर. मग कीबोर्डवर चिकटवलेली काळी फिल्म हेअर ड्रायरनं कोमट करून सोलायची, फाटू न देता. खाली पातळ लोखंडी पत्रा, त्यातून वर आलेल्या खिळ्यांची चपटी डोकी. एकेक डोकं धारदार पात्यानं कापायचं, खालचा खुंट जास्तीत जास्त उंच राहील असं. पत्रा उचलायचा, कीबोर्ड काढायचा, नवा ठेवायचा, आणि ते आखूड झालेले खुंट सोल्डरिंग आयर्नच्या मंद टोकानं पुन्हा पसरवायचे. जिथं खुंट उरलाच नाही तिथं दोन भागांच्या इपॉक्सीचा एक ठिपका. मधल्या खिळ्यांचा कंटाळा केला की जी आणि एच दाबताना कीबोर्ड खाली जातो, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी हजर. याची मजुरी बऱ्याचदा पार्टपेक्षा जास्त होते, आणि ती वाजवी आहे.

म्हणून मुलानं रिबनपर्यंतच जावं असं माझं मत. सी कव्हरची अदलाबदल करायची असेल तर हाताला सवय हवी. बिजागऱ्यांचे स्क्रू घट्ट असतात, वायफायच्या काळ्या-पांढऱ्या वायरींची टोकं सहज मोडतात. त्याला पहिल्यांदा हात बसवायचा असेल तर भंगारातली एखादी मशीन घ्यावी, प्रश्नपत्रिकांची नको.

पार्ट मागवताना मॉडेलचं नाव पुरत नाही. एकाच नावाखाली चार वेगळ्या बॉडी असतात. लेनोवोत एफआरयू नंबर, एचपीत स्पेअर पार्ट नंबर, डेलमध्ये डीपी/एन, तो जुन्या पार्टवरच्या स्टिकरवर असतो किंवा सिरीयल नंबरवरून कंपनीच्या साइटवर मिळतो. त्याशिवाय तीन गोष्टी विचारा: बॅकलाइट आहे की नाही, पॉवर बटण कीबोर्डमध्येच आहे की वेगळं, आणि फिंगरप्रिंटसाठी जागा कापलेली आहे का. आणि एंटरचं बटण आडवं हवं. इंग्लंडच्या लेआउटचं उभं, मोठं एंटर असलेला कीबोर्ड स्वस्तात येतो, पण आपल्या सी कव्हरच्या खिडकीत तो बसत नाही. भारतीय कीबोर्डवर ४ च्या बटणावर रुपयाचं चिन्ह छापलेलं असतं; अमेरिकन आला तर ते नसेल, काम मात्र करतो, इंग्रजी-भारत लेआउट ठेवून उजवं ऑल्ट आणि ४ दाबलं की चिन्ह उमटतं.

बेळगावात नसेल तर पार्ट साधारणपणे बेंगळुरूच्या एसपी रोडवरून, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसहून येतो. कुठूनही आला तरी दुकानदाराला सांगा, पूर्ण बसवायच्या आधी नुसती रिबन जोडून सगळी बटणं तुमच्यासमोर दाबून दाखवा. खिळे वितळवल्यावर परत घेणारा कोणी भेटत नाही.

अजून एक, आणि हे तुम्हाला विशेष लागू. आजकालच्या मशीनमध्ये डिस्क बऱ्याचदा बिटलॉकर या विंडोजच्याच सोयीनं कुलूपबंद असते. बायोस अपडेट किंवा मदरबोर्डचं काम झालं की ती कधीकधी ४८ आकडी रिकव्हरी की मागते. तुमचं १ चं बटण मेलंय. त्या निळ्या पडद्यावर एफ१ ते एफ९ ही बटणं १ ते ९ म्हणून आणि एफ१० शून्य म्हणून चालतात, किंवा यूएसबीचा बाहेरचा कीबोर्ड जोडा. पण की तुमच्याजवळ असली पाहिजे. मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाऊन ती आजच कागदावर उतरून ठेवा, काम सुरू करण्याआधी.

ज्यांचा कीबोर्ड चुंबकानं जोडलेला आणि सुटा होणारा असतो, मायक्रोसॉफ्टच्या सरफेस टॅबलेटसारखा, त्यांच्यासाठी थोडक्यात. त्यात दुरुस्ती नसतेच. कापड आणि थर चिकटवून बंद केलेले असतात. आधी टॅबलेटच्या खालच्या कडेच्या आणि कीबोर्डच्या सोनेरी पिना पुसा. चुंबकाशेजारी लोखंडाचा कीस बसून दोन पिना एकमेकींना जोडल्या गेल्या की कीबोर्ड ओळखलाच जात नाही. चिकटपट्टी दाबून उचलली की कीस येतो. घडीच्या रेषेवर कापड थोडं वाकवून धरल्यावर बटणं चालू होत असतील तर आतली वायर तुटली, नवाच घ्यायचा. घेताना पिढी जुळवा. सरफेस प्रो ३ पासून ७ पर्यंतचे टाइप कव्हर, म्हणजे हेच सुटे कीबोर्ड, एकमेकांना चालतात, पण प्रो ८ आणि त्यापुढच्यांना ते बसत नाहीत, आणि सरफेस गोचा कीबोर्ड वेगळाच, लहान. ब्लूटूथचा स्वस्त पर्याय चालतो, फक्त विंडोज सुरू व्हायच्या आधी तो काम करत नाही.

तुमच्या मशीनबद्दल माझा सल्ला असा. आधी ड्रायव्हर आणि पॉवर बटणाचा उपाय, मग रिबनची सफाई. तरी चार बटणं मेलेलीच राहिली तर दुकानदाराला सी कव्हरचा पार्ट नंबर आणि मजुरी वेगवेगळी लिहून मागा. दोन्ही मिळून मशीनच्या आजच्या जुन्या बाजारभावाच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर जात असेल तर मी तरी खर्च करणार नाही. स्क्रीन मागं वळवून उभी करायची आणि पुढं बाहेरचा पूर्ण आकाराचा कीबोर्ड ठेवायचा. प्रश्नपत्रिका टाइप करायला तो या बारीक बटणांपेक्षा हाताला बराही पडतो. पार्ट येईपर्यंत विंडोज, कंट्रोल आणि ओ दाबलं की पडद्यावर कीबोर्ड येतो, त्यावर बोटानं क्यू, ए, झेड दाबा. लॉगिनच्या पडद्यावर पासवर्डमध्ये नेमकं ए असेल तर उजव्या कोपऱ्यातल्या माणसाच्या चित्रावर टिचकी मारा, तिथंही तोच कीबोर्ड मिळतो.